पडवीतली जावा

जुनी मोटरसायकल घरी उघडायला घेतली की येणारा-जाणारा एकच विचारतो, "सुरू कधी होणार?" मला मात्र सुरुवातीपासून दुसऱ्याच प्रश्नानं घेरलं होतं. हिच्यातलं काय काढायचं नाही, हे ठरल्याशिवाय पाना हातात घेववेना.

गाडी माझ्या मामाची. जावा २५०, १९६८ सालची, म्हैसूरच्या कारखान्यातून आलेली. मामा पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होता. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातली किती गावं त्यानं या गाडीवर पालथी घातली, याचा हिशेब त्याच्याकडेही नाही. म्हैस अडली, बैलाचं पोट फुगलं, की गावातला कोणीतरी सायकल मारत निरोप घेऊन यायचा. मामा त्याची सायकल दवाखान्यातच ठेवायला लावायचा, त्याला मागं बसवायचा आणि निघायचा. औषधांची पत्र्याची पेटी मागच्या डाव्या अंगाला असायची. त्या पेटीसाठी आजऱ्याच्या एका लोहारानं फ्रेमला लोखंडी पट्टी जोडून दिलेली आहे. जोड जाड आणि ओबडधोबड, पण इतक्या वर्षांत त्याला तडा गेलेला नाही.

गाड्यांची चांगली पारख असलेल्या एका मित्रानं बघताक्षणी सांगितलं, "ती पट्टी ग्राइंडरनं उडव. कंपनीतून आली तशी दिसली पाहिजे." त्याचं म्हणणं मला कळतं. प्रदर्शनात असल्या पट्टीचे गुण कापतात. पण ही गाडी कारखान्यात जेमतेम काही दिवस होती आणि मामाकडे त्याची सगळी नोकरी आणि त्यानंतरची वर्षंही. तिच्या अंगावर कोणाची खूण राहावी याबद्दल मला शंका नव्हती. पट्टी राहिली. टाकीच्या दोन्ही बाजूंच्या रबरांवर मामाच्या गुडघ्यांनी आणलेला गुळगुळीतपणाही राहिला. गंजानं खाल्लंय ते आणि झिजून धोक्याचं झालंय ते, तेवढंच बदलायचं, अशी मर्यादा मी घालून घेतली. ती पाळणं किती अवघड आहे ते पुढं कळत गेलं, कारण नवीन सुटा भाग हातात आला की जुना लगेच केविलवाणा दिसायला लागतो.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्टिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीचं मोटरसायकलचं काम विकत घेऊन ती सुरू केली. भारतात तिला रुस्तम आणि फारोख इराणी यांनी आणलं आणि म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा केला. १९७३ पासून याच घराण्याच्या गाड्या येझदी नावानं निघू लागल्या, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. येझदीच्या रोडकिंगवर कॉलेज केलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. त्यांना यातलं काही नव्यानं सांगायला नको. २०१८ पासून जावा आणि २०२२ पासून येझदी ही नावं पुन्हा बाजारात आली आहेत. त्या चांगल्या गाड्या असतील. पण त्या चार स्ट्रोकच्या, वेगळ्या काळाच्या गाड्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला इथं बोलायचं नाही.

ही गाडी घरी उघडता येते याचं कारण ती तशी बनवलीच आहे. एक सिलिंडर, दोन स्ट्रोक, ६५ मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल, सुमारे बारा हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, वेगळा तेलपंप नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला चाळीस मिलि, आणि त्यातूनच आतल्या बेरिंगांचं वंगण होतं. सिलिंडर एकच असला तरी धूर बाहेर पडायला वाटा दोन, म्हणून सायलेन्सरही दोन. न बघता नुसतं ऐकणाऱ्याला दोन सिलिंडरची गाडी वाटावी. शिवाय सगळे आटे मेट्रिक. त्या काळातल्या बुलेटला हात घालायचा तर ब्रिटिश मापांचे वेगळे पाने लागतात, आणि ते नसले की लोक मेट्रिक पाना कसाबसा अडकवून नटाच्या कडा गोल करून टाकतात. जावाला घरात असतात तेच दहा, चौदा, सतरा, एकोणीसचे पाने चालतात. क्लच काढायला आणि डायनामोचा आर्मेचर सोडवायला पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायची अवजारं, तेवढी वेगळी लागतात. बाकी ज्याला सायकलचं चाक खोलता येतं, त्याला सावकाशीनं ही गाडीही खोलता येईल, असं मी मनापासून सांगते.

खोलताना सगळ्यात मौज वाटली ती डाव्या पायाच्या लिव्हरची. जावात किक आणि गिअर यांचा लिव्हर एकच. आत दाबून वर फिरवला की तो किक होतो, गाडी सुरू झाली की परत पुढं आणून त्यानंच गिअर टाकायचे. एवढ्यावर भागलेलं नाही. गिअरसाठी लिव्हर दाबला की आतला कॅम आपोआप क्लच सोडवतो, त्यामुळे चालत्या गाडीत हाताचा क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. मामा याबद्दल पूर्वी सांगायचा तेव्हा मला तो त्याच्या हातच्या सफाईचा भाग वाटायचा. एका हातात निरोप आणणाऱ्या माणसानं दिलेली चिमणी किंवा बॅटरी धरून चिखलाच्या वाटेनं तो गाडी कशी नेत असेल, ते इंजिनाचं झाकण काढल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आलं. कोणा चेक इंजिनिअरनं टेबलावर आखलेल्या एका लहानशा कॅममुळे आजऱ्याच्या रानात मामाचा एक हात मोकळा राहिला होता.

क्लचच्या प्लेटांमध्ये बुचाचे तुकडे बसवलेले असतात, बाटलीला असतं तेच बूच. तेलात भिजून ते काळं पडतं, पण धरायचं काम सोडत नाही. माझ्या प्लेटांतले काही तुकडे झिजून खाली बसले होते. नवीन प्लेटा मिळतात. मी बूच आणून, तुकडे कापून, दाबून बसवून, काचेवर पॉलिश पेपर पसरून सपाट केले. हे काम घरी होतं आणि घरीच करावं असं आहे. त्याला कौशल्यापेक्षा मोकळ्या संध्याकाळी लागतात.

ब्रेकबद्दल मात्र एक सांगून ठेवते. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. ड्रम उघडून फुंकर मारून धूळ उडवायची आपल्या गॅरेजांतली सवय घातक आहे. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. हे मी प्रत्येक नवशिक्याला सांगते आणि जुन्या मिस्त्र्यांनाही, त्यांना ते रुचत नसलं तरी.

आता गंज. जावाची मागची चेन पूर्ण पत्र्याच्या पेटीत बंद असते. हे फार शहाणपणाचं काम आहे, आणि त्यामुळेच या गाड्यांच्या चेन वर्षानुवर्षं टिकल्या. पण ती पेटी आतून गंजते, बाहेरून दिसत नाही. मडगार्डांच्या आतल्या बाजूचंही तसंच. बाजारात गंज काढायची ॲसिडं मिळतात. ती पटकन काम करतात आणि वेळेवर लक्ष दिलं नाही तर गंजाबरोबर पत्राही खातात. मला घाई नव्हती, आणि आम्ही राहतो ऊस पिकणाऱ्या जिल्ह्यात. म्हणून मी मळी वापरली, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा घट्ट पाक.

ही युक्ती जगभरचे जुन्या गाड्यांचे हौशी वापरतात. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकचं मोठं पिंप. गंजलेला भाग आधी तेल-ग्रीस काढून स्वच्छ धुवायचा आणि पूर्ण बुडवून ठेवायचा. मळीतली द्रव्यं गंजातलं लोह धरून सोडवून घेतात, चांगल्या पत्र्याला फारसा धक्का लावत नाहीत. दोन-तीन आठवडे लागतात, थंडीत जास्त. वर फेस येतो, आंबूस वास सुटतो, आणि आमच्या आळीत त्या वासाची तक्रार करणारं कोणी निघालं नाही, कारण गुऱ्हाळाच्या दिवसांत इथं सगळ्यांच्या नाकाला असलं काहीतरी ओळखीचं असतं. अॅल्युमिनियमचे आणि जस्ताच्या मिश्रधातूचे भाग त्यात चुकूनही टाकू नयेत, मळी त्यांना खाते. कार्बोरेटर, इंजिनाची कव्हरं बाजूला. लोखंडी भाग बाहेर काढून पाण्याच्या जोरदार धारेनं धुतला की खाली राखाडी, कोरा पत्रा दिसतो. तो लगेच कोरडा करून प्रायमर मारायचा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतो.

चेनची पेटी पिंपातून निघाली तेव्हा मामा ओट्यावर बसला होता. त्यानं ती हातात घेऊन नखानं वाजवून बघितली. "जनावराला घालतो ती हीच मळी की गं," एवढंच म्हणाला. दुष्काळात कडबा कमी पडला की त्यावर मळीचं पाणी शिंपडायला तो लोकांना शिकवायचा.

घरी काय होत नाही, याची यादी मात्र लांब आहे, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं मोल त्या यादीत आहे. गाडी घरी दुरुस्त करतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात घरी तिचं खोलणं, धुणं, ओळीनं मांडणं आणि परत जोडणं होतं. मधला जीव ओतायचा भाग दुसऱ्यांच्या हातात असतो. ते हात कुठं आहेत, किती उरलेत आणि त्यांच्यानंतर कोण, हे या गाडीमुळे मला शोधत जावं लागलं.

सगळ्यात कठीण काम क्रँकचं, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याचं. जावाचा क्रँक एका तुकड्याचा नसतो. दोन जड चकत्या, मधे त्यांना जोडणारी पिन, पिनेवर रोलर आणि त्यावर कनेक्टिंग रॉड, हे सगळं प्रेसखाली दाबून एकत्र बसवलेलं असतं, ना बोल्ट ना वेल्डिंग. रॉडचं बेरिंग गेलं की चकत्या प्रेसवर सोडवायच्या, नवी पिन, नवे रोलर, नवा रॉड घालायचा आणि पुन्हा दाबून बसवायचं. खरी परीक्षा त्यानंतर असते. दोन्ही बाजूंचे दांडे एका सरळ रेषेत यायला हवेत. क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरायचा, दांड्यावर डायल लावायचा, हातानं फिरवायचा आणि काटा किती हलतो ते बघायचं. डायलची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. काटा जास्त हलला की क्रँक उचलून चकतीच्या कडेला पितळी हातोड्याचा एक ठोका. परत सेंटरमध्ये. परत डायल. ठोका कुठं द्यायचा, किती जोरात द्यायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिता येईलसं मला वाटत नाही. मिस्त्री तो देतात आणि काटा बसतो.

हे मिस्त्री शिवाजी उद्यमनगरात आहेत. कोल्हापूरला कुस्ती, मिसळ आणि चपलांवरून ओळखणाऱ्यांनी उद्यमनगरात एकदा सकाळी फिरून यावं. शेतावरची ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक दुरुस्त करता करता इथं एक अख्खं ओतकामाचं आणि लेथचं जग उभं राहिलं. बाहेरून आलेली वस्तू उघडायची, समजून घ्यायची आणि आपल्या हातानं बनवायची, ही या गावाची जुनी खोड आहे. बाबुराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा इथंच स्वतः बनवून घेतला तो शंभर वर्षांपूर्वी. मिस्त्रींच्या दुकानात त्यातलं काही लिहिलेलं नाही. एक जुना लेथ, एक प्रेस, भिंतीला खिळ्यांवर टांगलेली मापं आणि दारात ग्राहकांसाठी बाक.

मी पहिल्यांदा क्रँक घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझ्या मागं कोणी पुरुष माणूस येतोय का ते बघितलं. कोणी येत नव्हतं. मग त्यांनी क्रँक उचलला, रॉड वरखाली करून कानाशी धरला आणि विचारलं, "ताई, गाडी कुणाची?"

"मामाची. ढोरांच्या दवाखान्यात होते, गडहिंग्लजला."

"पेटीवाली जावा?"

ते मूळचे नेसरीकडचे निघाले. त्यांच्या घरची म्हैस मामानं एका पावसाळ्यात सोडवली होती. ओळख एवढी निघाल्यावर क्रँकचे पैसे ते घेईनात, मी दिल्याशिवाय उठेना. शेवटी पिन आणि रॉडचे घेतले, मजुरीचे नाही. त्या बदल्यात मी दर वेळी जाताना मामाच्या झाडाचे पेरू नेते, आणि ते पेरू मोजून घेतात.

मिस्त्री सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांचे दोन्ही मुलगे शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवर आहेत. चांगले पगार आहेत, काम स्वच्छ आहे, पोरांनी ते निवडलं यात कोणालाही बोल लावता येणार नाही. सीएनसीवर एकसारखे हजार नग निघतात आणि ते मिस्त्रींच्या हातच्या नगापेक्षा सरस निघतात हेही खरं. पण हजार नग ज्याला हवेत त्याच्यासाठी ते मशीन आहे. माझ्यासारखी एक क्रँक पिशवीत घालून आलेली बाई तिथल्या गेटवरूनच परत येईल. एकच नग, तोही कोणाच्यातरी हातून झिजलेला, त्याच्या झिजेचा अंदाज घेऊन सरळ करणारा माणूस हा वेगळा कारागीर आहे. त्याचं शिक्षण आयटीआयच्या अभ्यासक्रमात थोडं येतं आणि बाकीचं अशा बाकांवर बसून येतं. बाकांवर आता कोणी बसत नाही.

सिलिंडरचं बोअरिंग त्या मानानं सोपं. ओतीव लोखंडाचा सिलिंडर, झीज बघून पाव पाव मिलिमीटरनं मोठा करत जायचं आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. एकच गोष्ट आवर्जून सांगायची: बोअर झाल्यावर सिलिंडरच्या आतल्या, वायू ये-जा करायच्या खिडक्यांच्या धारदार कडा मोडून घ्यायला सांगा. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा या खिडक्यांवरून मिनिटाला हजारो वेळा सरकतात, आणि धार राहिली तर रिंग अडकून तुटते.

क्रोम आणि रंग यांच्या बाबतीत मी हट्टी झाले. जावाची टाकी बाजूंनी क्रोमची, वर मरून रंग, आणि दोन्हीच्या सीमेवर बारीक सोनेरी रेघ. आजकाल जीर्णोद्धार केलेल्या बऱ्याच गाड्या मला बघवत नाहीत, त्या या क्रोममुळे. सपाट करण्याच्या नादात इतकं पॉलिश मारतात की कडा गोल होतात, ठसे बुजतात, आणि जिथं कारखान्यानं साधा रंग दिला होता तिथंही चकचकाट येतो. क्रोमच्या खाली तांबं आणि निकेल यांचे थर नीट बसले नाहीत तर दोन पावसाळ्यांत फोड येतात. शिवाय या कामातलं षट्संयुजी क्रोमियम विषारी आहे, कर्करोग करणारं आहे. पाण्याची नीट विल्हेवाट लावणाऱ्या दुकानातच काम द्यायचं असं मी ठरवलं होतं, त्यामुळे थांबावं लागलं आणि जास्त पैसे गेले. टाकीच्या बाजू सोडून बाकीचं जुनं क्रोम मी नुसतं साफ करून ठेवलंय. हँडलवर बारीक ठिपके आहेत. राहू देत.

सोनेरी रेघेसाठी मात्र मी अडून बसले. तिची चिकटपट्टी मिळते, कापून लावायची आणि वर लॅकर. लांबून फरक कळत नाही, जवळून लगेच कळतो, कारण हाताच्या रेघेला सुरुवात आणि शेवट असतो, आणि वळणावर ती किंचित जाड होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची अक्षरं रंगवणारे पेंटर पूर्वी प्रत्येक पेठेत होते. फ्लेक्स आला आणि ते एकेक करून घरी बसले. मला जे सापडले ते काका आता नातवाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. लांब केसांचा लायनर ब्रश त्यांनी तेलात भिजवून, कागदात गुंडाळून कपाटात जपून ठेवला होता. टाकी मांडीवर घेऊन त्यांनी करंगळी कडेला टेकवली आणि एका दमात रेघ ओढली. मधे ब्रश उचलला नाही. दुसरी बाजू करण्याआधी चहा मागितला, आणि चहा पिताना टाकीकडे अशा नजरेनं बघत राहिले की मला तिथून उठून आत जावंसं वाटलं. रेघ वाळल्यावर त्यांनी विचारलं, "अजून कुणाची असली गाडी आहे का?" आहेत, काका. मी पाठवतेय.

वीज सहा व्होल्टची. सगळे सांगतात बारा कर, हेडलाइट झगझगीत होईल. ज्यांना रात्री लांब जायचंय त्यांनी जरूर करावं, जिवापेक्षा मूळपण मोठं नाही. मला दिवसाच चालवायची आहे, म्हणून डायनामोचा आर्मेचर नव्यानं गुंडाळून घेतला आणि सहाच ठेवले.

इंजिन जोडून झाल्यावर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. प्लगच्या भोकातून पिस्टनची खोली मोजायची. पिस्टन अगदी वर पोचायच्या साधारण साडेतीन मिलिमीटर आधी पॉइंट, म्हणजे उघडताच प्लगला ठिणगी पाडणारे दोन धातूचे तुकडे, उघडले पाहिजेत. पॉइंटमधलं अंतर चार दशांश मिलिमीटर. पॉइंट नेमके कधी उघडतात ते बघायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मधे धरायचा आणि क्रँक सावकाश फिरवायचा, कागद सुटला तो क्षण. हे मला मामानं शिकवलं, खुर्चीत बसून, काठीच्या टोकानं दाखवत. त्याला आता जवळचं दिसत नाही. ऐकू मात्र स्वच्छ येतं.

गाडी सुरू झाली तेव्हा आळीतली पोरं टाळ्या वाजवत होती, धूर पडवीत कोंडला होता आणि मला रडू येत होतं. मामा ऐकत राहिला. पुढचे काही दिवस मी रोज थोडी फिरवून आणायची आणि तो ओट्यावरून ऐकायचा. मग एका संध्याकाळी म्हणाला, "आज उशिरा मारतीया. पॉइंट बघ." मोजलं, तर अंतर खरंच कमी झालं होतं. नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला कॅमवर घासून बसते, तेवढ्यानं अंतर घटतं आणि ठिणगी मागं पडते. पुस्तकात हे मी वाचलं होतं. मामानं ते दहा पावलांवरून ऐकलं.

पेट्रोलचाही आता विचार करावा लागतो. २०२५ मध्ये आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं, टाकीत पडून राहिलं तर गंज वाढवतं. जुन्या रबरी नळ्या आणि वायसर बदलून मी इथेनॉल सोसणारे घातले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करते. त्यातलं काही इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं आहे, ज्या उसाच्या मळीनं हिचा गंज निघाला. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळत असतील तर मी त्याविरुद्ध बोलणार नाही. मी नळ्या बदलीन.

नोंदणीबद्दल पुष्कळजण विचारतात. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच. ज्यांच्या गाड्या संग्रहात राहायच्या आहेत त्यांना हे सोयीचं आहे. माझी जुनी नोंदणी चालू आहे, मामानं ती कधी चुकवली नाही. दर पाच वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून मी तीच पुढं चालवणार. मला हिच्यावरून बाजारात जायचंय. चालत्या गाडीचंच काहीतरी बिघडतं, आणि काहीतरी बिघडलं तरच कोणीतरी मिस्त्रींच्या बाकावर जाऊन बसतं. काचेआड ठेवलेल्या गाडीला क्रँकवाला लागत नाही, रेघवाला लागत नाही.

माझी भाची डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. गेल्या दिवाळीपासून ती शनिवारी मिस्त्रींकडे जाते. आधी ते तिला नुसतं झाडायला आणि मापं पुसायला लावायचे; तिनं ते केलं. डिप्लोमा झाला की ती पुण्याला नोकरी बघणार आहे, तसं तिनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय, आणि ते म्हणाले, "जा की. तोवर शीक." त्यांची मापं, प्रेसचा दाब, कुठल्या गाडीच्या पिनेला किती घट्ट बसवायचं, हे सगळं ती वहीत उतरवते. ठोक्याचं ती उतरवू शकत नाही, म्हणून तो द्यायला शिकतेय. परवा मी पेरू घेऊन गेले तेव्हा गारगोटीकडच्या कोणाच्या तरी येझदीचा क्रँक सेंटरमध्ये होता आणि पितळी हातोडा तिच्या हातात. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"तीन रेघांवर आलाय, आजोबा."

मिस्त्री पेरू मोजत होते. "दोन पाहिजेत," ते म्हणाले. "काढ बाहेर, परत मार."